बारा दिवस, एकच किनारा

पत्र: "नमस्कार. आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. मिस्टरांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मोबाइलवर काइटसर्फिंगचे, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर घसरत जाण्याचे, व्हिडिओ बघून त्यांनी ठरवलंय की येत्या दिवाळीच्या सुट्टीत कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची आणि कोल्हापूर, तारकर्ली, गोवा, गोकर्ण, केरळ असा किनारा धरत रामेश्वरपर्यंत जायचं. वाटेत जिथे वारा मिळेल तिथे काइटसर्फिंग शिकायचं. एकूण बारा दिवस. बरोबर मुलगी (आठवी), मुलगा (तिसरी) आणि सासूबाई. त्यांचं वय ६८, गुडघे दुखतात. मुलं आत्तापासून नाचतायत. मला मात्र डोळ्यांसमोर एकच दिसतं: हे समुद्रात आहेत आणि मी गाडीतल्या दोन फुटी ओट्यावर पोळ्या लाटतेय. सरळ नाही म्हणू का? की माझंच चुकतंय?"

ताई, तुमचं काही चुकत नाही. पण नाही म्हणू नका. बेत आहे तसा मान्यही करू नका. हा बेत मोडण्यापेक्षा तो नव्याने मांडायला बसा, आणि मांडताना तुम्ही पुढे बसा.

तुम्हाला दिसणारं चित्र मी जगले आहे. पहिल्यांदा आम्ही व्हॅन घेऊन गोवा-गोकर्ण केलं तेव्हा रोज तंबू उठवल्यासारखं सगळं आवरायचं, दीडशे-दोनशे किलोमीटर जायचं, संध्याकाळी जागा शोधायची आणि अंधारात कुकर लावायचा, असे पाच दिवस गेले. गाडीचा एसी बाहेरच्या विजेशिवाय चालत नाही, हे भाड्याने देणाऱ्याने सांगितलंच नव्हतं. दोन रात्री आम्ही सगळे दार उघडं टाकून, डासांना हाकलत बसलो. समुद्र खिडकीतून सुंदर दिसत होता, पण त्यात पाय घालायला वेळ मिळाला तो एकदाच. घरी आल्यावर मी आजारी पडले. म्हणून तुमचं पत्र वाचताना "ओटा" या शब्दाशी थांबले.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण या सगळ्यात मालक तोच आहे. काइटसर्फिंगची सहल शाळेच्या सुट्टीवरून ठरवायला गेलं की फसते. ती वाऱ्यावरून ठरवायची आणि मग सुट्टी कुठे जुळते ते बघायचं. दिवाळीत नेमकं काय होतं? नैर्ऋत्येचा मोसमी वारा परत फिरलेला असतो. पश्चिम किनारा निवांत असतो, पोहायला छान, पण पतंग उचलण्याइतका वारा नाही. तिकडे तमिळनाडूत ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवस. म्हणजे बारा दिवस तुम्ही वाऱ्याच्या मागे फिराल आणि वारा तुम्हाला चुकवत राहील. मिस्टरांना हे एवढं एकच वाक्य वाचून दाखवा: दिवाळीत भारताच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग शिकायला जाणं म्हणजे मे महिन्यात हुरडा खायला जाणं.

या खेळाला साधारण १२ ते २५ नॉट वारा लागतो, म्हणजे ताशी २२ ते ४६ किलोमीटर. नुसता वेग पुरत नाही, दिशाही लागते. वारा समुद्राकडून तिरपा जमिनीकडे यायला हवा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा शिकाऊ माणसाला उचलून आत नेतो आणि परत यायला काही साधन राहत नाही. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १२ नॉटचे २४ झाले की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. "वाटेत मिळेल तिथे शिकू" हे म्हणूनच चालत नाही. ओळखीच्या किनाऱ्यावर, तिथला वारा जाणणाऱ्या माणसाच्या हाताखाली, लागोपाठ तीन-चार दिवस शिकावं लागतं. नवख्याला पाण्यावर थोडंफार उभं राहायला साधारण आठ ते बारा तासांचं शिक्षण लागतं. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त अंग साथ देत नाही, आणि एखादा दिवस वारा रुसतोच. हिशेब करा, एका ठिकाणी पाच-सहा दिवस हवेतच.

म्हणून माझं म्हणणं: अख्खा किनारा सोडा, एकच ठिकाण धरा. ते ठिकाण रामेश्वर. वेळ मे महिन्याचा दुसरा पंधरवडा.

रामेश्वर का, तर पांबन बेट नकाशावर बघा. उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचं आखात आणि मधे धनुष्कोडीकडे निमुळती होत गेलेली वाळूची जीभ. एका बाजूला लाटा असल्या तर दुसऱ्या बाजूला पाणी सपाट सापडतं, आणि शिकाऊ माणसाला सपाट, कमरेएवढं उथळ पाणीच हवं असतं. इथे वर्षातून दोन वारे येतात: मेपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा आणि जानेवारीच्या आसपास ईशान्येचा. जानेवारी थंड आणि छान, पण तेव्हा शाळा आणि आपली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येचा वारा चांगला धरतो, आणि शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद. "मे महिन्यात तमिळनाडू?" म्हणून घरात आरडाओरड होईल. पण सोलापुरात बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला रामेश्वरचे पस्तीस-छत्तीस घाबरवणार नाहीत. घाम मात्र आपल्यापेक्षा खूप येईल, कारण हवा दमट. दुपारी सासूबाईंना बाहेर काढायचं नाही, इतकं पाळा.

आणि सासूबाईंचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. काशी-रामेश्वर ही आपल्याकडची जुनी इच्छा. त्यांना "तुमच्या नातवंडांच्या खेळासाठी फरपटत नेतोय" असं वाटणार नाही, "रामेश्वरला चाललोय" असंच त्या शेजारणींना सांगतील. रामनाथस्वामींचं देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, आणि आतले खांबांचे लांबच लांब प्राकार त्यांनी निवांत बघावेत. बावीस तीर्थांचं स्नान करायचं असेल तर मात्र ओल्या दगडी फरशीवर गुडघे दुखणाऱ्या माणसाचा एक हात कायम कोणीतरी धरलेला हवा. सक्काळी जा, गर्दी आणि चटका दोन्ही टळतात.

सोलापूरहून व्हॅन नेऊ नका. रामेश्वर आपल्यापासून बाराशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि एवढ्या जड, उंच गाडीचा सराव नसलेल्या माणसाने दिवसाला अडीचशेच्या वर जाऊ नये. म्हणजे जाऊन-येऊन दहा दिवस रस्त्यातच. त्यापेक्षा उद्यान एक्स्प्रेसने रात्रीत बंगळुरू गाठा आणि व्हॅन तिथून घ्या. पहिल्या दिवशी दुपारनंतर निघून सेलम, साधारण २०० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी मदुराई, २३५ च्या आसपास, संध्याकाळी मीनाक्षीचं दर्शन. तिसऱ्या दिवशी १७० किलोमीटर, दुपारच्या जेवणाला रामेश्वर. समुद्रावरच्या पुलावरून बेटावर शिरताना शेजारी रेल्वेचा नवा पांबन पूल दिसतो, १९१४ च्या जुन्या पुलाच्या जागी २०२५ मध्ये सुरू झालेला. मुलाला खिडकीशी बसवा. पुढे सहा रात्री गाडी हलवायची नाही. येतानाही तीन टप्पे, मग रेल्वे. बंगळुरूपासून मोजले तर बारा दिवस नेमके बसतात. रात्री गाडी चालवायची नाही, हे मिस्टरांकडून आत्ताच कबूल करून घ्या.

"मग व्हॅन कशाला, हॉटेलच घेऊ" असं तुम्ही म्हणाल. मलाही तसं वाटलं होतं. पण ओल्या कपड्यांनी, वाळूच्या पायांनी दिवसातून चार वेळा ये-जा करायची असते तेव्हा किनाऱ्याजवळची स्वतःची सावली, स्वतःचा पलंग आणि चहाचं आधण यांची किंमत कळते. फक्त व्हॅनकडून घराची अपेक्षा करायची नाही. माझा सल्ला असा की कंपाउंड असलेला एखादा होमस्टे शोधा. एक खोली सासूबाईंसाठी घ्या, कमोड असलेला संडास खात्री करून, आणि व्हॅन त्याच अंगणात लावा. तिथे जास्त क्षमतेचा, पंधरा-सोळा अँपिअरचा प्लग मिळेल का, हे फोनवरच विचारा. त्याशिवाय रात्री व्हॅनमधला एसी चालणार नाही, आणि पत्र्याची गाडी दिवसभर तापली की रात्री भट्टी होते. उघड्या किनाऱ्यावर गाडी लावून झोपायचं स्वप्न धनुष्कोडीला तर सोडूनच द्या. तिथून संध्याकाळी सगळ्यांना परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. १९६४ च्या डिसेंबरमधल्या चक्रीवादळाने ते गाव एका रात्रीत पुसलं, चर्च आणि स्टेशनचे अवशेष अजून उभे आहेत. धनुष्कोडीच्या पुढे, अरिचलमुनईच्या टोकाला प्रवाह फार ओढीचे असतात, तिथे मुलांनी पाण्यात उतरायचं नाही. श्रीलंका तिथून जेमतेम तीस किलोमीटर, सीमेचा भाग आहे, तेव्हा मुलीने ड्रोनचा हट्ट धरला असेल तर तो घरीच ठेवा.

पाण्याच्या बाबतीत मात्र मला तुमच्याबद्दल पूर्ण भरवसा आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथल्या बाईला व्हॅनची टाकी कशी पुरवायची हे शिकवावं लागत नाही. टाकी बहुधा ऐंशी-शंभर लिटरची असते आणि मुंबई-पुण्याची मंडळी ती एका सकाळीत संपवतात. एक नियम करा: टाकीचं पाणी फक्त हात-तोंड आणि भांडी, अंघोळ होमस्टेच्या बादलीत तांब्याने, आणि पिण्याचे वीस लिटरचे जार वेगळे. त्या हवेत माणशी तीन-चार लिटर प्यायला लागतं. समुद्रातून आलेल्या माणसाने गाडीत शिरण्याआधी बाहेर अंगावर दोन तांबे घ्यायचे, नाहीतर मीठ आणि वाळू गाद्यांत जाऊन सहा दिवस टोचत राहतात. आणि टॉवेल: कारखाना तुमचाच आहे, तरी जाडजूड टर्किश टॉवेल नेऊ नका. दमट हवेत तो तीन दिवस वाळत नाही आणि गाडीला कुबट वास धरतो. पातळ पंचे न्या. सोलापुरी चादरी मात्र चार-पाच हव्यातच, वाळूवर अंथरायला आणि खिडक्यांवर दुपारी आडोशाला.

गॅस गाडीत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली, झोपायच्या पातळीवर साठतो. खालचं वायुवीजनाचं छिद्र झाकलेलं नाही ना ते गाडी घेतानाच बघा, आणि रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केल्याशिवाय कोणी झोपायचं नाही. गाडीत रासायनिक संडास असेल तर त्याची पेटी संडासातच रिकामी करायची, वाळूत कधीच नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी "स्वस्तात देतो" म्हणाला तर घेऊ नका, अपघात झाल्यास विमा हात वर करेल. मिस्टरांचा कारचा परवाना साडेसात टनांच्या आतल्या अशा गाडीला चालतो, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पक्कं केलं आहे. तमिळनाडूत शिरायचा परवाना आणि कर कोणी भरायचा, हे करारात लिहून घ्या. ताबा घेताना गाडीची उंची कागदावर लिहून काचेला चिकटवा. रेल्वेखालचे बुटके बोगदे आणि पेट्रोल पंपांची छपरं तेव्हा आठवत नाहीत.

आता खेळ. सासूबाईंना कोणीतरी पॅरासेलिंगचा व्हिडिओ दाखवला असेल. ते वेगळं: तिथे बोट ओढते आणि आपण नुसते लटकतो. काइटसर्फिंगमध्ये बोट नसते. कमरेला हार्नेस म्हणजे रुंद पट्टा, त्याला वीस-चोवीस मीटरच्या दोऱ्या, वर माणसाच्या वजनाप्रमाणे नऊ ते बारा चौरस मीटरचा पतंग, पायाखाली फळी. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी असते, म्हणून तो पाण्यात पडला तरी बुडत नाही, पुन्हा उडवता येतो. फ्रान्समधल्या दोघा भावांनी १९८४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकांसाठी खेळला गेला. तेव्हा मिस्टरांना वेड लागलं यात नवल नाही.

संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला यातलं निम्मं कळतं आणि निम्मं उलटं शिकावं लागतं. ढील द्यायची की खेचायचं, हे हाताला माहीत असतं. पण आपला कागदी पतंग संकटात आला की आपण मांजा घट्ट धरतो. इथे घाबरून बार, म्हणजे पतंग सांभाळायचा हातातला दांडा, छातीशी ओढला की पतंग अजून जोर धरतो आणि माणसाला फरफटवतो. इथला पहिला धडा म्हणजे बार सोडणे. हात सुटला की पतंगाचा जोर उतरतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर एका झटक्यात सगळं मोकळं करणारी कळ असते. ती कळ डोळे मिटून सापडेपर्यंत पाण्यात जायचं नाही. मला शिकवणाऱ्याने पहिला अर्धा तास वाळूवर नुसती ती कळ दाबायला लावली होती. मला तेव्हा राग आला होता. तिसऱ्या दिवशी अचानक झोत आला तेव्हा हात आपोआप तिथे गेला.

शिकवणारे निवडताना पैसे शेवटी विचारा. आधी हे विचारा: प्रशिक्षकाकडे आयकेओसारख्या (या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) संस्थेचं प्रमाणपत्र आहे का? एका प्रशिक्षकामागे दोनापेक्षा जास्त शिकाऊ नाहीत ना? हेल्मेट आणि तरंगणारं जाकीट देतात का? सुटलेल्या माणसाला आणायला बोट आहे का? वारा नसलेल्या दिवसाचे पैसे पुढे धरतात की बुडतात? फोनवर या प्रश्नांना कंटाळणारा माणूस पाण्यातही कंटाळेल, त्याच्याकडे जाऊ नका. तुमच्या अपघात विम्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, तेही विमा एजंटकडून लेखी घ्या.

आतापासून मेपर्यंत वेळ आहे, तो पोहण्यात घाला. पोहण्याच्या तलावात पन्नास मीटर न थांबता, आणि पाठीवर पाच मिनिटं नुसतं तरंगणं, एवढं ज्याला येत नाही त्याने पतंगाला हात लावायचा नाही. यात मिस्टरही आले. मुलगी आठवीत आहे, वजन चाळीसच्या आसपास असेल तर लहान पतंगावर नीट शिकेल. बहुतेक वेळा मुलीच लवकर शिकतात, कारण त्या जोर लावत नाहीत. तिसरीतल्या मुलाला मात्र पाण्यात पतंग नाही. त्याला वाळूवर दोन चौरस मीटरचा सरावाचा पतंग आणि शांत पाण्यात कयाक, म्हणजे छोटी वल्ह्याची होडी. तो रडेल, तेव्हा त्याला आधीच, सोलापुरातच सांगून ठेवा. आणि अंगाला जेलीफिश लागला तर गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. रामेश्वरला सरकारी रुग्णालय आहे, मोठं काही झालं तर रामनाथपुरम साधारण पंचावन्न किलोमीटर.

मिस्टर गोव्यावर अडून बसले तर? अश्वे-मोरजीला फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी वारा सुटतो. जमीन तापते, समुद्राची हवा आत येते आणि सूर्य उतरला की संपते. तो हलका असतो, मोठा पतंग लागतो, रोजचा भरवसा नाही. व्हॅनवाल्यांसाठी आणखी एक: गोव्यात २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, दंड होतो. वाळूवर गाडी उतरवायलाही बंदी, आणि मोरजीची वाळू तर कासवांच्या अंड्यांची. लांब शनिवार-रविवारला ठीक आहे, शिकायला नाही.

शेवटी तुमचा ओटा. व्हॅनमध्ये फक्त चहा आणि सकाळचा नाश्ता होईल, आणि तो मिस्टर करतील. बाकी दोन जेवणं बाहेर. इडली, पोंगल, केळीच्या पानावरचं जेवण तिथे पोटभर आणि माफक मिळतं. १४ जूनपर्यंत पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा मासळी थोडी महाग असेल, एवढंच. घरून कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी न्या. कडक भाकरी पंधरा दिवस टिकते, तिला ओटा लागत नाही, आणि रात्री नऊला सगळे थकून आल्यावर दह्यात चुरून खायला तिच्याइतकं काही लागत नाही. पोळपाट-लाटणं गाडीत चढवू नका. नेलंत की कोणीतरी पोळी मागणारच.

आणि वर्गाची विभागणी अशी करा: पहिली पाळी तुमची आणि मुलीची, आपापल्या आकाराच्या पतंगावर दोघी आळीपाळीने. तेव्हा मिस्टर किनाऱ्यावर मुलगा आणि सासूबाईंजवळ. दुसरी पाळी त्यांची, तेव्हा तुम्ही सावलीत. दोन्ही मोठी माणसं एकाच वेळी पाण्यात नकोत, किनाऱ्यावर एक शुद्धीवरचा मोठा माणूस लागतोच, आणि तो सहाही दिवस तुम्हीच असण्याचं काही कारण नाही. तुम्ही पत्रात शिकायचंय की नाही ते लिहिलेलं नाही. चार वेळा वाचलं मी, "हे", "मुलं", "सासूबाई" सगळे आहेत, तुम्ही फक्त पोळ्या लाटताना दिसता.

फॉर्म भरताना पहिलं नाव तुमचं घाला. ते वजन विचारतील, खरं सांगा, पतंगाचा आकार त्यावरून ठरतो.